क्रम बदलला तरी गुणाकार तोच : एका शालेय नियमाची चिकित्सा

प्रस्तावना

प्राथमिक गणितात काही विधाने इतकी उघड वाटतात की, ती शिकवण्याची वेगळी गरज अध्यापकाला भासत नाही. 'दोन संख्यांचा क्रम बदलला तरी त्यांचा गुणाकार बदलत नाही' हे अशांपैकी एक विधान होय. परिभाषेत त्याला गुणाकाराचा क्रमनिरपेक्षता गुणधर्म असे म्हणतात. या गुणधर्माच्या अध्यापनाची रूढ पद्धत सर्वपरिचित आहे. फळ्यावर ३ × ४ = १२ आणि ४ × ३ = १२ अशी दोन समीकरणे लिहिली जातात, त्यांखाली नियम लिहिला जातो, दोन-तीन उदाहरणांत त्याचा पडताळा घेतला जातो आणि मग ७ × ५ = ५ × ___ अशा रिकाम्या जागा भरून घेतल्या जातात. एका तासिकेत घटक संपतो. पुढे अपूर्णांक, पूर्णांक, बीजगणित अशा प्रत्येक टप्प्यावर या गुणधर्माचे नाव घेतले जाते; परंतु 'असे का होते?' हा प्रश्न विद्यार्थी विचारत नाही आणि अध्यापकही उपस्थित करीत नाही.

प्रस्तुत लेखात या रूढ पद्धतीची चिकित्सा अभिप्रेत आहे. नियमाच्या सत्यतेविषयी अर्थातच वाद नाही. वादाचा मुद्दा असा की, हा नियम संख्यांविषयीचा आहे, प्रसंगांविषयीचा नाही, आणि शाळेत नेमकी या दोहोंची गल्लत होते. त्या गल्लतीतून दोन परस्परविरोधी व्यवहार जन्माला येतात. गुणधर्माच्या धड्यात 'क्रमाला महत्त्व नाही' असे सांगितले जाते आणि शाब्दिक उदाहरणाच्या उत्तरपत्रिकेत मात्र क्रम उलटा लिहिला म्हणून गुण कापले जातात. एकाच सत्रात हे दोन्ही अनुभव घेणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाने गणिताविषयी कोणता ग्रह करून घ्यावा? गणित म्हणजे बाईंच्या किंवा गुरुजींच्या मनात काय आहे ते ओळखणे, हाच निष्कर्ष त्याच्या हाती उरतो. प्रश्न म्हणूनच एका गुणधर्मापुरता मर्यादित नाही.

पडताळा म्हणजे कारण नव्हे

रूढ पद्धतीतील पहिली उणीव तर्काची आहे. ३ × ४ आणि ४ × ३ या दोहोंचे उत्तर १२ येते, हे मुलाला पाढ्यांवरून आधीच ठाऊक असते. दोन पाठ केलेल्या गोष्टी शेजारी ठेवल्या आणि त्या जुळल्या, एवढेच या पडताळ्यातून कळते. त्या जुळणारच होत्या, असे त्यातून कळत नाही. अशा पडताळ्यांची संख्या दोनावरून वीसवर नेली तरी तार्किक स्थिती बदलत नाही.

रिकाम्या जागांचा सरावही तितकाच फसवा आहे. ७ × ५ = ५ × ___ येथे मूल गुणाकार करीतच नाही; डावीकडे असलेला आणि उजवीकडे नसलेला अंक शोधून ते जागा भरते. त्याच मुलासमोर १२ − ७ = ७ − ___ असे मांडून पाहावे. तितक्याच आत्मविश्वासाने त्याने १२ लिहिले, तर त्याने आकृतिबंध आत्मसात केला आहे, गुणधर्म नाही, असे मानावे लागेल. ज्या सरावात बरोबर आणि चूक आकलन सारखेच उत्तर देतात, तो सराव मूल्यमापनाच्या दृष्टीने निरुपयोगी होय.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे, हा गुणधर्म मुळात आश्चर्यकारक आहे, याची जाणीवच रूढ अध्यापन नाहीशी करते. गुणाकार म्हणजे तीच संख्या पुन्हा पुन्हा मिळवणे, अशी व्याख्या मुलाला दिलेली असते. त्या व्याख्येनुसार १७ × ५ म्हणजे सतरा पाच वेळा घेणे, तर ५ × १७ म्हणजे पाच सतरा वेळा घेणे. एकात पाच पदे आहेत, दुसऱ्यात सतरा. १७, ३४, ५१, ६८, ८५ ही चाल पाच ढांगांत संपते. दुसरी चाल ५, १०, १५ असे करीत सतराव्या पावलावर पोहोचते. वाटेत दोन्ही चालींच्या पावलांचे ठसे कुठेही जुळत नाहीत आणि शेवटी मात्र दोन्ही ८५ वरच येऊन थांबतात. हे पाहून ज्याला नवल वाटले नाही, त्याला सिद्धतेची गरज भासणार नाही.

पाढ्यांचे व्याकरण

मराठी माध्यमातील मुलाच्या बाबतीत या प्रश्नाला एक भाषिक अंगही आहे आणि त्याकडे गणिताध्यापनाच्या चर्चेत फारसे लक्ष दिले जात नाही. मराठी पाढ्यात पहिल्या आणि दुसऱ्या जागेवरील शब्द एका रूपाचे नसतात. पहिल्या जागी तीन, चार, सात अशी नित्याची संख्यानामे येतात; दुसऱ्या जागी एके, दुणे, त्रिक, चोक, पंचे, सक, सत्ते, आठे, नवे, दाहे ही खास रूपे येतात. म्हणजे कोणती संख्या कोणत्या भूमिकेत आहे, हे भाषा शब्दरूपानेच दाखवते. इतरत्र 'दोन' असणारी संख्या तर पाढ्यात पहिल्या जागी 'बे' होते आणि दुसऱ्या जागी 'दुणे'. परिणामी 'बे त्रिक सहा' आणि 'तीन दुणे सहा' या दोन वाक्यांत 'सहा' वगळता एकही शब्द सामाईक नाही. कानाने पाढे शिकणाऱ्या मुलाला ही दोन वाक्ये एकाच गोष्टीची दोन रूपे वाटावीत, अशी अपेक्षा धरणे अवघड आहे. 'सात आठे छप्पन्न' तोंडपाठ असलेले मूल 'आठ सत्ते' विचारताच आठाचा पाढा पहिल्यापासून म्हणू लागते, याचे मूळ आळसात नसून येथे आहे.

या शब्दांच्या घडणीत आणखी एक गुंता दडलेला आहे. 'दुणे' या शब्दात द्विगुण म्हणजे दुपटीचा अर्थ आहे. पण 'त्रिक' म्हणजे तिघांचा समूह, 'चोक' चतुष्काशी आणि 'सक' षट्काशी नाते सांगणारे दिसतात. या अर्थाने 'तीन चोक' म्हणजे चारांचे तीन समूह. प्रत्यक्ष म्हणण्याची चाल मात्र तीन, सहा, नऊ, बारा अशी तिनातिनांनी पुढे सरकते, म्हणजे तीन चार वेळा घेतले जातात. शब्द एक सांगतो आणि चाल दुसरे करते. पिढ्यानपिढ्या हे कोणालाही खटकले नाही, कारण उत्तर बिघडत नव्हते. ज्या गुणधर्माचे नाव मूल तिसरी-चौथीत ऐकते, तो पाढ्याने त्याच्या तोंडात त्याआधीच, काहीही न सांगता, घातलेला असतो.

लेखी गुणाकारात आपली परंपरा गुण्य आणि गुणक असा भेद करते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) हेच शब्द आहेत आणि तेथील १३५ व १२ यांच्या गुणाकाराच्या प्रसिद्ध उदाहरणात गुणकाचे तुकडे करून गुणण्याच्या रीती सांगितल्या आहेत. गुण्य ही ज्याची आवृत्ती होते ती राशी आणि गुणक हा आवृत्त्यांची संख्या सांगणारा, हा भेद शाळेत आजही टिकून आहे. याउलट इंग्रजीतील 'थ्री टाइम्स फोर' या शब्दप्रयोगात आवृत्त्यांची संख्या आधी येते आणि जिची आवृत्ती करायची ती नंतर. घरी आजीकडून 'तीन चोक बारा' ऐकणारे आणि सेमी-इंग्रजीच्या वर्गात 'थ्री टाइम्स फोर' वाचणारे मूल अशा रीतीने एकाच चिन्हाचे दोन अर्थ घेऊन वावरते. २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'पंचवीस'च्या जोडीला 'वीस पाच' असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रात केवढी चर्चा झाली! संख्यानामांच्या क्रमावर इतका खल करणाऱ्या समाजात गुणाकारातील क्रमाच्या या दुहेरी वाचनावर मात्र शब्दही निघत नाही.

क्रमनिरपेक्षतेमुळे पाठांतराचे ओझे निम्मे होते, असा या गुणधर्माचा एक व्यावहारिक लाभ सांगितला जातो. त्यात तथ्य आहे, पण ते मर्यादित आहे. एक ते दहा या पाढ्यांत १०० विधाने असतात. उलटसुलट जोड्या एक धरल्या तर ५५ उरतात. तीसपर्यंतच्या पाढ्यांत मात्र विधाने ३०० आणि जोड्या त्याच ४५. 'सतरा सत्ते एकशे एकोणीस' याची उलट बाजू कोणत्याच पाढ्यात नाही, कारण साताचा पाढा दाहेवर थांबतो. तेव्हा केवळ पाठांतराच्या सोयीसाठी हा गुणधर्म शिकवायचा असेल, तर दहाच्या पुढे त्याचा उपयोग संपला असेच म्हणावे लागेल.

सिद्धतेचा इतिहास

हे विधान स्वयंसिद्ध नाही, त्याला कारण द्यावे लागते, याची जाणीव प्राचीन आहे. युक्लिडच्या 'एलिमेंट्स'च्या सातव्या पुस्तकात गुणाकाराची व्याख्या पुनःपुन्हा बेरीज अशीच केलेली आहे आणि म्हणूनच त्याच पुस्तकातील सोळाव्या विधानात दोन संख्यांनी एकमेकींना गुणले असता येणारे गुणाकार समान असतात, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागले आहे. केरळमधील ज्येष्ठदेवाच्या मलयाळम् 'युक्तिभाषा'त (सुमारे १५३०) गुणाकाराचा विचार आयताच्या रूपाने केलेला आढळतो; गुण्य ही एक बाजू, गुणक ही दुसरी. डिरिश्लेच्या संख्याशास्त्रावरील व्याख्यानांचा ग्रंथ डेडेकिंडने १८६३ मध्ये प्रसिद्ध केला. त्या प्रगत ग्रंथाचा आरंभही गुणाकारात घटकांच्या क्रमाने फरक पडत नाही, याच विवेचनाने होतो. आश्चर्य म्हणजे तेथेही आधार ओळी आणि स्तंभांच्या मांडणीचाच आहे.

चित्राचा आधार सोडून केवळ संख्यांच्या मूळ गुणधर्मांवरून हे सिद्ध करण्याचे काम ग्रासमनच्या १८६१ च्या अंकगणितात आणि पुढे पेआनोच्या १८८९ च्या मांडणीच्या आधारे झाले. लँडाऊच्या १९३० च्या छोट्या ग्रंथात बेरजेची क्रमनिरपेक्षता हे सहावे विधान आहे आणि गुणाकाराची एकोणतिसावे. मधली बरीच विधाने लहान-मोठेपणाविषयीची आहेत, हे खरे. तरीही गुणाकाराचा नियम बेरजेच्या नियमाच्या मागोमाग आपोआप येत नाही, हे त्यावरून ध्यानात यावे. या सिद्धतेचा गाभा असा : गुणकात एक वाढला की उत्तरात गुण्याएवढी भर पडते, हे व्याख्येतूनच मिळते, गुण्यात एक वाढला तर उत्तरात गुणकाएवढी भर पडते, हे मात्र गणिती विगमनाने दाखवावे लागते. आयतात पहिल्या वेळी एक नवी ओळ वाढते, दुसऱ्या वेळी प्रत्येक ओळीला एकेक ठिपका जोडला जातो. शाळेतील चित्र आणि तज्ज्ञाची सिद्धता यांत अंतर आहे ते भाषेचे. आशय एकच आहे. म्हणून मुलासमोर ठिपक्यांचा आयत ठेवणे ही सवंग सोपेकरणाची क्लृप्ती मानण्याचे कारण नाही.

क्रमावर गुण कापणारी तपासणी

आता शाब्दिक उदाहरणांकडे वळावे लागेल, कारण खरा पेच तेथे आहे. या पेचाची दोन उदाहरणे परदेशांत जाहीर वादाचा विषय झाली आणि ती शेजारी ठेवून पाहिल्यास बरेच काही स्पष्ट होते.

जपानमध्ये ओसाका परिसरातील एका प्राथमिक शाळेत 'सहा मुलांना प्रत्येकी चार संत्री द्यायची आहेत, तर किती संत्री लागतील?' या प्रश्नाला काही मुलांनी ६ × ४ = २४ असे उत्तर लिहिले आणि ते चूक ठरवण्यात आले. 'प्रत्येकी किती' ही संख्या आधी व 'किती जण' ही नंतर, या तेथील संकेतानुसार ४ × ६ हेच अपेक्षित होते. पालकांनी आक्षेप घेतला आणि १९७२ च्या आरंभी 'असाही शिंबुन' या वृत्तपत्रातून हा वाद देशभर पोहोचला. अमेरिकेत २०१५ मध्ये याचीच उलट आवृत्ती गाजली. ५ × ३ हे बेरजेने मांडा, या प्रश्नाला मुलाने ५ + ५ + ५ असे लिहिले आणि ते चूक धरले गेले. अपेक्षित उत्तर होते ३ + ३ + ३ + ३ + ३. तेथील २०१० च्या सामाईक अभ्यासक्रम-निकषांत ५ × ७ चा अर्थ सात-सात वस्तूंचे पाच गट असा दिलेला आहे, त्याचा हा परिणाम.

या दोन तपासण्यांत तपासणारे दोघेही आपापल्या संकेताशी प्रामाणिक होते. परंतु एकाचा संकेत दुसऱ्याच्या नेमका उलटा आहे. जपानी वर्गात चूक ठरलेले ६ × ४ अमेरिकी वर्गात आदर्श उत्तर ठरले असते. देशाची सीमा ओलांडताच जे खऱ्याचे खोटे होते, ते गणितातील सत्य नसून लेखनाचा शिष्टाचार असतो. शिष्टाचार शिकवण्यास हरकत नाही. पण तो मोडला म्हणून 'गणित चुकले' असे लाल शाईत लिहिणे हे मूल्यमापनाच्या मूलतत्त्वालाच सोडून आहे. विशेष म्हणजे ज्या अमेरिकी निकषांचा आधार घेऊन हे गुण कापले गेले, त्याच निकषांत त्याच इयत्तेसाठी, ६ × ४ चे उत्तर ठाऊक असले की ४ × ६ चेही ठाऊक होते, असे उदाहरण दिलेले आहे आणि गुणधर्मांची पारिभाषिक नावे मुलांनी वापरण्याची गरज नाही, असेही नमूद आहे.

क्रमाचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नाही, हेही नोंदवणे आवश्यक आहे. प्रश्नात दिसलेल्या दोन संख्या मध्ये चिन्ह टाकून गुणून टाकणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. प्रसंग समजून गुणाकार केला की नुसत्याच संख्या गुणल्या, हे अध्यापकाला कळावे कसे? लेखी क्रम ही त्यासाठी शोधलेली खूण आहे. फ्रेंच अभ्यासक जेरार व्हर्न्यो यांनी गुणाकाराच्या प्रसंगांचे जे वर्गीकरण केले, त्यातही हा भेद मान्य केलेला आहे. मुले आणि संत्री, वह्या आणि रुपये अशा प्रसंगांत दोन राशींच्या भूमिका भिन्न असतात. आयताची लांबी आणि रुंदी यांच्या बाबतीत त्या समान असतात. भूमिकांचा हा भेद खोटा नाही. रोज तीन गोळ्या चार दिवस घेणे आणि रोज चार गोळ्या तीन दिवस घेणे यांत गोळ्यांची एकूण संख्या बाराच राहते. म्हणून दोन्ही सारखेच, असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. 'क्रमाला महत्त्व नाही' हे घोषवाक्य प्रसंगाला लावले की ते असत्य होते. आग्रही अध्यापकाचे निदान बरोबर आहे, उपाय मात्र चुकीच्या जागी केलेला आहे. भूमिका एककांत असतात, चिन्हाच्या डाव्या-उजव्या बाजूंत नाही. 'चार संत्री प्रत्येकी, सहा मुले' असे जे मूल शब्दांत सांगू शकते, त्याने पुढे ६ × ४ लिहिले काय आणि ४ × ६ लिहिले काय, त्याच्या आकलनाविषयी शंका घेण्यास जागा उरत नाही. आणि जे सांगू शकत नाही, त्याने योगायोगाने अपेक्षित क्रम लिहिला म्हणून त्याला पूर्ण गुण देणे हाही अन्यायच.

पंगतीतील वाढपी

ओसाकाच्या वादात गणितज्ञ हिराकु तोयामा यांनी १९७२ मध्येच जो युक्तिवाद केला, तो अध्यापनाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. पत्ते वाटताना एकाला त्याचे सगळे पत्ते एकदम न देता प्रत्येकाला एकेक देत फेऱ्या केल्या जातात. संत्रीही तशीच वाटली, तर प्रत्येक फेरीत सहा संत्री जातात आणि अशा चार फेऱ्या होतात. म्हणजे 'एका फेरीत किती' आधी व 'किती फेऱ्या' नंतर, असा तेथील संकेत पाळूनही ६ × ४ पूर्णतः समर्थनीय ठरते.

मराठी वर्गाला यासाठी पत्त्यांची गरज नाही; पंगत पुरेशी आहे. सहा जणांची पंगत बसली आहे आणि प्रत्येकाला चार पुऱ्या वाढायच्या आहेत. वाढपी एकाच्या पानात चारही पुऱ्या वाढून पुढच्या पानाकडे जाऊ शकतो. चारांची सहा पाने होतात. किंवा तो पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक पुरी वाढत जातो आणि पुन्हा पहिल्या पानापाशी येतो; सहांच्या चार फेऱ्या होतात. पुऱ्यांची परात तीच, पानेही तीच, बदलली ती वाढण्याची रीत. येथे मुलाला पडताळा मिळत नाही, कारण मिळते. दोन मोजण्या सारख्या का येणारच, हे त्याला उत्तर न काढताही सांगता येते. सहा आणि चार यांच्या जागी कोणत्याही संख्या घातल्या तरी युक्तिवाद तसाच राहतो, आणि सामान्य सिद्धता म्हणतात ती हीच.

ठिपक्यांच्या आयतापेक्षा या उदाहरणाचा एक अधिक गुण असा की, ते भिन्न भूमिकांच्या प्रसंगातून सुरू होते आणि त्याला समान भूमिकांच्या आकृतीकडे नेते. रूढ अध्यापनात आयत आलाच तर तो तयार स्वरूपात येतो. टोपल्यांतील आंबे आणि पाटीवरील ठिपके यांचा संबंध काय, हे मुलावर सोडले जाते. पंगतीची पाने एकाखाली एक मांडून प्रत्येक पानासमोर चार खुणा केल्या, की प्रसंगाचाच आयत होतो. त्यानंतर रांगोळीचे ठिपके, अंड्यांच्या ट्रेमधील पाच गुणिले सहाची मांडणी, कवायतीच्या रांगा यांची मदत घेता येईल. मात्र चौरस मांडणी येथे कटाक्षाने टाळावी. बुद्धिबळाचा पट कितीही सुबक असला तरी तो आडवा-उभा फिरवून काहीच बदलत नाही, आणि जेथे काही बदलत नाही तेथे काय कायम राहिले, हे दिसत नाही.

भागाकाराचे न बोललेले ऋण

क्रमनिरपेक्षतेचा पहिला खरा उपयोग मूल जेथे करते, ती जागा पाढे किंवा पडताळे ही नसून भागाकार ही आहे. १२ ÷ ३ याचे शाळेत दोन अर्थ शिकवले जातात. बारा लाडू तिघांत समान वाटले तर प्रत्येकाला किती, हा एक. बारा लाडवांचे तिनातिनांचे गट केले तर गट किती, हा दुसरा. पहिल्यात 'प्रत्येकी किती' अज्ञात आहे, दुसऱ्यात 'किती गट'. हे दोन प्रश्न इतके भिन्न आहेत की, वस्तू हाताळून ते सोडवताना मुलाच्या हातांची हालचालसुद्धा वेगळी होते. तरीही दोघांसाठी चिन्ह एकच, रीत एकच, आणि साक्षीला पाढाही एकच काढला जातो. हे चालते ते केवळ गुणाकार क्रमनिरपेक्ष आहे म्हणून. तसा तो नसता तर प्रत्येक भागाकारासाठी दोन चिन्हे आणि दोन उत्तरे ठेवावी लागली असती. पाठ्यक्रमात हे दोन घटक एकमेकांपासून दूर पडतात आणि त्यांच्यातील हा धागा क्वचितच दाखवला जातो, ही मोठी उणीव म्हटली पाहिजे.

अपूर्णांकांच्या आणि ऋण संख्यांच्या बाबतीतही असेच घडते. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. 'आठ दीड वेळा घेणे' याला आवृत्तीच्या भाषेत सरळ अर्थ नाही. दीड आठ वेळा घेणे याला आहे. पूर्णांकांत (−३) × ४ म्हणजे उणे तीन चार वेळा, हे समजते. ४ × (−३) म्हणजे चार 'उणे तीन वेळा', हे समजण्यासारखे नाही. तेथे अध्यापक गुणधर्माचा हवाला देतो आणि पुढे जातो. वस्तुतः नव्या संख्यांना हा गुणधर्म लागू आहे, असे तेथे सिद्ध होत नाही. तो लागू राहावा अशा बेताने त्यांचा गुणाकार ठरवला जातो. हांकेलने १८६७ मध्ये ज्याला नियमांच्या स्थायित्वाचे तत्त्व म्हटले, ते हेच. सहावी-सातवीच्या मुलाला हे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, परंतु येथे आपण काही ठरवत आहोत, एवढे तरी त्याला सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

गुणधर्म हाती आल्याची खूण पुढे अनपेक्षित जागी दिसते. २५ चे ८ टक्के काढताना अडखळणारा विद्यार्थी ८ चे २५ टक्के, म्हणजे आठाचा पाव, दोन, असे चटकन सांगू लागला, तर समजावे की नियम त्याच्या उपयोगाचा झाला.

महाविद्यालयीन वर्गाशी संबंध

हा प्रश्न प्राथमिक शिक्षकांचा आहे, महाविद्यालयाशी त्याचा संबंध नाही, अशी समजूत होऊ शकते. पदवीच्या प्रथम वर्षात सारणींचा गुणाकार शिकवणाऱ्या प्राध्यापकांना मात्र तसे वाटणार नाही. अ आणि ब या सारणी असताना त्यांच्या बेरजेचा वर्ग अ² + २अब + ब² असाच लिहिणारे विद्यार्थी नेहमी भेटतात. अब आणि बअ भिन्न असू शकतात, हे त्यांना सांगितलेले असते; उदाहरणही दाखवलेले असते. तरी हात जुन्या वळणानेच चालतो. ज्याला कारण ठाऊक नव्हते, त्याला ते कारण कोठे लागू पडत नाही, हे कळणार कसे? पंगतीत फेऱ्या बदलता आल्या, कारण प्रत्येक पुरी दुसरीसारखीच होती आणि कोणती आधी वाढली याने काही बिघडत नव्हते. सारणी या क्रिया आहेत. आधी पायमोजे आणि मग बूट, हा क्रम उलटता येत नाही.

'क्रमनिरपेक्ष' या अर्थाचा फ्रेंच शब्द सेर्व्वाने १८१४ च्या सुमारास वापरला, तो फलनांवरील क्रियांचा विचार करताना; म्हणजे जेथे हा गुणधर्म असेलच असे नाही, अशा प्रदेशात. साध्या संख्यांपुरते पाहणाऱ्यांना तोवर त्याला नाव देण्याची निकड भासली नव्हती. हॅमिल्टनने १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनच्या ब्रूम पुलाजवळ चतुर्दलांचे सूत्र शोधले, ते क्रमनिरपेक्षतेवर पाणी सोडण्याची तयारी झाल्यावरच. इतिहासात जे नाव गुणधर्माच्या अभावाची चाहूल लागल्यावर आले, ते शाळेत गुणधर्माच्या आधी येते.

अध्यापक-प्रशिक्षणात या घटकावर 'क्रमनिरपेक्षता गुणधर्म सोदाहरण स्पष्ट करा' या धर्तीचा प्रश्न सहज विचारता येतो आणि दोन समीकरणे लिहून त्याचे गुणही सहज मिळवता येतात. त्याऐवजी भावी शिक्षकापुढे एका मुलाची उत्तरपत्रिका ठेवता येईल. पाच रुपयांची एक, अशा आठ पेन्सिलींची किंमत त्या मुलाने ८ × ५ = ४० अशी काढलेली असावी. या उत्तराला किती गुण द्याल, मुलाला कोणता एकच प्रश्न विचाराल, आणि आठ रुपयांची एक अशा पाच पेन्सिलींनाही चाळीसच रुपये का पडतात, हे त्याला पेन्सिली आणि नाणी मांडून कसे दाखवाल, असे तीन उपप्रश्न त्याखाली असावेत. शेवटच्या उपप्रश्नात पेन्सिलींच्या दोन ढिगांपैकी कोणता आणि नाण्यांची कोणती मांडणी समान राहते, हे स्वतःच्या हाताने करून पाहिल्याशिवाय उत्तर लिहिता येणार नाही.